ढोल टेपात मावेना

"सायेब, ह्यात ढोल मावंल का?"

नाथाजी मोकाशी यांनी मान वर केली. सांगलीतल्या एका सरकारी कचेरीत ते वरिष्ठ लिपिक होते. टेबलासमोर उभ्या राहिलेल्या माणसांचे नाना प्रश्न त्यांनी आजवर झेलले होते. तलावाचं काय झालं, कागद कुठवर आला, मोठं सायेब कवा येत्यात. या सगळ्यांना मिळून त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, "बघू." पण हा प्रश्न नवा होता.

विचारणारा होता बिराप्पा. जत तालुक्यातल्या कोळगेवाडीचा धनगर. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, आणि आवाज असा की पलीकडच्या खोलीतला टायपिस्ट बोटं थांबवून ऐके. वाडीच्या पाझर तलावासाठी तो अधूनमधून येऊन उभा राही. आज मात्र त्याचं बोट तलावाच्या फायलीकडे नव्हतं, नाथाजींच्या टेबलावरच्या कोऱ्या करकरीत कॅसेट टेपरेकॉर्डरकडे होतं. मेहुण्याकरवी मुंबईहून मागवलेलं ते यंत्र नाथाजींनी कचेरीत आणलं होतं ते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, सेल तपासायला. सकाळपासून त्यांनी ते प्रत्येक टेबलावर नेऊन तपासलं होतं.

"यात गाणं मावतं, भाषण मावतं," नाथाजी म्हणाले. "मग ढोलाचं काय घेऊन बसलात?"

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. पण समोर चारपाच माणसं ऐकत उभी असली की नाथाजींच्या तोंडून असली वाक्यं आपोआप बाहेर पडत.

बिराप्पा खालीच बसला. त्याचा मुलगा सिदू फौजेत होता, वर कुठंतरी बर्फात. सलग तीन वर्षं त्याला वाडीच्या जत्रेला सुट्टी मिळाली नव्हती. पलटणीत मोठं जेवण असलं की प्रत्येक मुलखाचा जवान आपापल्याकडचं काही वाजवून दाखवी, आणि सिदूकडे दाखवायला काही नव्हतं. त्याच्याच कंपनीतला उंब्रजचा कृष्णात सुट्टीवर आला होता. तो परत जाईल तेव्हा त्याच्याबरोबर ढोलाची टेप धाड, एवढंच पोराचं मागणं होतं.

"पोरगं म्हनतंय, बा, ढोल कानावर न्हाई तर सण सण वाटंना," बिराप्पा म्हणाला.

नाथाजींना गहिवरून आलं. "रविवारी ढोल घेऊन घरी या," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम आहे."

घरी जाऊन त्यांनी बायकोला, राहीबाईंना, सांगितलं की फौजेचं एक काम आपल्याकडे आलं आहे.

रविवारी दुपार झाली तरी बिराप्पाचा पत्ता नव्हता. तो गावाबाहेरच्या जकात नाक्यावर अडकला होता. नाक्यावरचा कारकून प्रामाणिक होता, तीच अडचण झाली. ढोल कुठल्या मालात धरायचा हे त्याला कळेना. कातडं म्हणावं तर आत लाकूड, लाकूड म्हणावं तर दोन्ही तोंडांना कातडं, आणि वाद्य म्हणावं तर वाजवून दाखवल्याशिवाय कसं म्हणायचं? म्हणून बिराप्पानं वाजवून दाखवला. मागं उभ्या असलेल्या गुळाच्या गाडीचे बैल उधळले. मग कारकुनानं घाईघाईनं ठरवलं की हे बिराप्पाचं अंगावरचं सामान आहे, आणि फाटक उघडलं.

नाथाजी राहत होते त्या इमारतीच्या गच्चीवर सगळा सरंजाम मांडला गेला. घरमालकीण मनुबाईंनी गच्चीत सांडगे वाळत घातले होते. ते उचलताना त्या जे बोलत होत्या ते टेप झालं नाही हे बरं झालं. शेजारचे निवृत्त सुभेदार भाऊसो खुर्ची घेऊन आले. भाऊसो फौजेत वायरलेसला होते. म्हणजे वायरलेसचा संच ते पाठीवरून वाहून नेत, पण हा तपशील त्यांनी स्वतःहून कधी सांगितला नव्हता आणि कुणी विचारलाही नव्हता.

बिराप्पानं ढोल थोडा वेळ उन्हात तापवला, दोऱ्या ताणल्या, गळ्यात अडकवला आणि टिपरू उगारलं. पहिला ठोका पडला आणि नाथाजींच्या छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी हललं. खालच्या मजल्यावरची भांडी मांडणीत किणकिणली. गल्लीतली माणसं गोळा झाली. ढोल थांबला. नाथाजींनी मोठ्या थाटात टेप मागं नेली आणि बटण दाबलं.

आतून आवाज आला, "टप. टप. टप."

रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर पोरानं बोटं वाजवावीत तसा. आणि गंमत अशी की दोन ठोक्यांच्या मध्ये खालच्या अंगणातल्या कोंबड्या मात्र खणखणीत ऐकू येत होत्या. टप झालं की कोंबड्या गप्प. मग हळूहळू त्यांचा आवाज चढत जायचा, अगदी कानाशी येऊन ओरडल्यासारखा. पुन्हा टप, पुन्हा कोंबड्या गप्प.

बिराप्पानं कान यंत्राला लावला. यंत्र उचलून खालून पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "कोंबड्या चांगल्या आल्यात. पन ह्यो माजा ढोल न्हाई."

दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. नाथाजींच्या ते जिव्हारी लागलं. पण त्याहूनही एक वेगळीच गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरून बसली. ढोल वाजला तो खरा. यंत्रानं ऐकला तोही खराच. मग आपल्या कानात शिरला तो ढोल आणि यंत्रात शिरला तो डबा, असं का? आणि कोंबड्या का वर-खाली होतात? एवढ्या वर्षांत कुठल्याही फायलीनं त्यांना असं छळलं नव्हतं.

बिराप्पानं ढोल त्यांच्याकडेच ठेवला आणि पुढच्या रविवारी येतो म्हणाला. त्या आठवड्यात मोकाशींच्या घरात जे काही वाजवता येण्याजोगं होतं ते नाथाजींनी वाजवून टेप केलं. पातेलं वाजवलं, पाट वाजवला, कपाटाचं दार वाजवलं. टेप ऐकायची, पुन्हा वाजवायचं, पुन्हा ऐकायचं.

"आवं, हे घर हाय का मांडव?" राहीबाई म्हणाल्या. "माणूस रिटायर झाल्यावर असलं करतंय. तुम्हाला अजून नऊ वर्षं हायती."

पण त्या वाजवण्यातून नाथाजींना एक गोष्ट उमगली. ढोलाचा एक ठोका हा एक ठोका नसतोच. आधी टिपरू कातड्याला लागतं त्याचा 'टक' होतो, अगदी बारीक, टाचणीच्या टोकासारखा. त्याच्या मागून 'धम्म' येतो, पोटातून. आणि त्याच्याही मागं, धम्म विरत असताना, एक लांब घुमणं राहतं, विहिरीत हाक मारल्यावर राहतं तसं. यंत्रात पहिलं टोक तेवढं शिरत होतं आणि बाकीचा ढोल बाहेरच राहत होता. हे कळल्यावर नाथाजींना इतका आनंद झाला की त्यांनी तो सांगायला राहीबाईंना उठवलं. राहीबाईंनी तो कुशीवर वळून ऐकला.

कारण कळलं, उपाय कळेना. आणि उपायाचं म्हणाल तर सबंध गल्ली तयारीत होती. कुणी म्हणालं यंत्राला फडकं गुंडाळा, कुणी म्हणालं ढोलाला गुंडाळा. राहीबाईंची नवी वाकळ ढोलावर घालून पाहिली. तेव्हा ढोल सर्दी झाल्यासारखा बोलू लागला. मनुबाईंनी वेगळाच मार्ग काढला. त्यांचं माहेर हरिपूरचं. तिथं हळद साठवायला जमिनीच्या पोटात खोल पेवं खणलेली असतात. "पेवात तोंड घालून बोललं की देव बोलल्यावानी वाटतंय," त्या म्हणाल्या. "यंत्र पेवात सोडा, ढोल वर वाजवा."

पुढच्या रविवारी तेही करून पाहिलं. मनुबाईंच्या भावाच्या रिकाम्या पेवात दोरीला बांधून यंत्र सोडलं, आणि बिराप्पानं काठावर उभं राहून ढोल वाजवला. आवाज ऐकून माणसं धावत आली. नाथाजी पेवाच्या तोंडाशी पालथे पडून आत डोकावत होते, हातात ताणलेली दोरी होती आणि शेजारी ढोल वाजत होता. पाहणाऱ्यांनी जो काढायचा तो अर्थ काढला. "कोण पडलं?" "कवा पडलं?" एक म्हातारी तर कोण पडलं याची वाट न बघता रडायलाच लागली. यंत्र वर ओढून टेप लावली तेव्हा त्यात ढोल नव्हताच. मातीखाली गाडलेला कुणीतरी 'हुं, हुं' म्हणून हुंकार देत होता, आणि वर म्हातारीचं रडणं. ते ऐकून म्हातारी अधिकच रडली.

नाथाजी कपडे झाडत उठले. धोतराला लागलेली हळद निघाली, मनाला लागलेलं निघेना.

शेवटी कचेरीतल्या एकाच्या ओळखीनं ते रेडिओत काम करणाऱ्या एका इंजिनियरांच्या घरी गेले. इंजिनियर मितभाषी आणि सज्जन होते. त्यांनी टेप नीट ऐकून घेतली, म्हातारीच्या रडण्यासकट.

"तुमचं मशीन भित्रं आहे," ते म्हणाले. "मोठा आवाज आला की दचकतं आणि कान झाकून घेतं. ते कान उघडेपर्यंत ढोल संपलेला असतो, मग त्याला कोंबड्या ऐकू येतात. मोठा आवाज थोडा दाबायचा आणि लहान आवाज थोडा उचलायचा, म्हणजे दोघांतलं अंतर कमी होतं. आमच्यात त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. आणि आवाजात जाड, मधले, बारीक असे थर असतात. डबा वाजतो तो मधल्या थरात. तो उतरवा, खालचा जाड थर चढवा, वरचा बारीक थर किंचित चढवा. हे इक्वलायझेशन. मात्र हे करायला हाताशी साधनं लागतात."

नाथाजींना मनातून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. भित्रं मशीन! कोंबड्यांचं कोडं सुटलं होतं. दोन्ही शब्द हरवू नयेत म्हणून घरापर्यंत ते पुटपुटत सायकल मारत राहिले. विश्रामबागेच्या फाटकाशी रेल्वे आडवी आली, आणि ती जाईपर्यंत दुसऱ्या शब्दाचे तुकडे झाले. पहिला तेवढा शाबूत पोचला.

"कॉम्प्रेशन?" भाऊसो खुर्चीतून उठलेच. "मोकाशी, मग आधी बोलायचं! कॉम्प्रेसर तर आपल्या जोतीरामकडं हाय. नवा आणलाय."

जोतीरामचं टायर-पंक्चरचं दुकान कोपऱ्यावर होतं. नाथाजींना शंका आली नाही असं नाही. पण शब्द तर तोच होता, आणि भाऊसो वायरलेसमध्ये होते. रविवारी बिराप्पा येताच त्याला त्यांनी ढोल घेऊन चला म्हणून सांगितलं.

जोतीराम हात पुसत बाहेर आला. "फुडचं का मागचं?"

"चाक न्हवं. ह्या ढोलाला कॉम्प्रेशन द्यायचं हाय," भाऊसो म्हणाले.

जोतीराम हा गिऱ्हाइकाला कधी नाही न म्हणणारा माणूस. त्यानं ढोलाभोवती एक फेरी मारली, कातडं बोटानं दाबून पाहिलं. "किती पौंड भरू?"

आता मात्र नाथाजी पुढं झाले. "अहो, भरायचं नाही, मोठा आवाज दाबायचा आणि..." पण जोतीरामला ढोलाच्या कडेचं हवेचं बारीक भोक सापडलं होतं. "व्हॉल हितं हाय की!" म्हणून त्यानं नळी भोकाला लावली आणि हवा सोडली.

कोळगेवाडीच्या कित्येक जत्रांतला भंडारा त्या ढोलाच्या पोटात साठला होता. देवावर उधळलेली हळद ढोलावर पडायची आणि भोकातून थोडी थोडी आत जायची. ती सगळी एकदम बाहेर आली. जोतीराम सवयीनं मागं सरला. भाऊसो फौजेतले, ते खाली बसले. बिराप्पानं डोळे मिटून कपाळाला हात लावला. नाथाजी सरळ उभे होते, त्यामुळे सगळी त्यांच्यावर आली.

धुरळा बसत होता तेवढ्यात दुकानासमोर एक जीप थांबली. मागचं चाक बसलं होतं. आतून नाथाजींचे साहेब उतरले. डोक्यापासून पायांपर्यंत पिवळ्याधमक झालेल्या आपल्या वरिष्ठ लिपिकाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मोकाशी," साहेब म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी हळद लावून घेतलीत? घरी माहीत आहे का?"

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज द्यायला नाथाजी कचेरीत गेले तेव्हा सगळी टेबलं कामात मग्न होती. सरकारी कचेरीत सगळी टेबलं एकदम कामात मग्न असली की काय समजायचं ते नाथाजींना समजत होतं.

बिराप्पा मात्र आदल्या दिवशी एवढंच म्हणाला होता, "सायेब, कृष्णात येत्या मंगळवारी निघतोय. उंब्रजला इष्टीत बसनार, साताऱ्याहून फुडं. ऱ्हाऊ दे आता. पोराला सांगीन, ढोल काय टेपात मावत न्हाई." आणि इतके दिवस नाथाजींकडे ठेवलेला ढोल त्यानं परत न्यायला उचलून पाठीला लावला.

त्यात राग नव्हता, तेच नाथाजींना सोसेना. "उद्या या," ते म्हणाले. "ढोल घेऊन. मी रजा काढतो."

सोमवारी अर्ज देऊन ते बिराप्पा आणि भाऊसोंना घेऊन गेले लालासाहेबांकडे. लालासाहेब लग्नामुंजींना मांडव आणि लाउडस्पीकर पुरवत. त्यांच्याकडे जुना स्पूल-टेपचा संच होता, त्याला आवाज कमी-जास्त करायचं हाती चालणारं बटण होतं, म्हणजे ते यंत्र आपण होऊन दचकत नव्हतं. अ‍ॅम्प्लिफायरला जाड आणि बारीक आवाजाची दोन वेगळी बटणं होती. आणि दुकानामागच्या गोदामात छतापर्यंत कनाती रचल्या होत्या, त्यामुळे तिथं बोललेलं घुमत नव्हतं.

नाथाजींनी माईक ढोलाच्या तोंडासमोर धरायचं सोडून चार हात लांब ठेवला. गोदामात पंखा बंद, बोलणं बंद. बिराप्पानं वाजवला. स्पूल ऐकला तेव्हा डबा गेला होता, पण ढोल आलेला नव्हता. 'टक' तेवढा मोठा, बाकी सगळं लांब, नदीच्या पल्याड वाजल्यासारखं. आता हा आवाज लाउडस्पीकरच्या मोठ्या खोक्यातून वाजवायचा, आणि खोक्यासमोर नाथाजींचं कॅसेटचं यंत्र ठेवून त्यात पुन्हा भरून घ्यायचा, मध्ये जे काय दाबायचं-उचलायचं ते बटणांवर हातानं करायचं, असं ठरलं. आधीच दाबलेल्या आवाजाला ते भित्रं यंत्र दचकणार नव्हतं. दोन यंत्रं जोडणारी तार लालासाहेबांकडे होती, पण ती खरखरत होती.

आधी थर. नाथाजींनी जाडाचं बटण चढवलं, खोक्यातून धम्म उठला. बारीकाचं थोडं चढवलं, टिपरू दिसायला लागलं. खरंच, दिसायलाच लागलं. मधल्या थराला बटण नव्हतं. तेव्हा लालासाहेबांनी खोक्याच्या तोंडाला कनातीचा एक पदर असा काही लटकवला की उरलासुरला डबा त्यात अडकला.

मग दाबणं. आवाजाचं बटण नाथाजींनी स्वतःच्या हातात घेतलं. ठोका पडणार हे कळताच ते चपळाईनं आवाज दाबत, लगेच सोडत. ऐकलं तर उशी बडवल्यासारखा आवाज. पुन्हा केलं, अधिक चपळाईनं. अधिकच उशी. दुपार कलली. बिराप्पा कनातीला टेकून बसला होता.

तेवढ्यात चहा आला. नाथाजींच्या एका हातात कप, दुसऱ्यात बशी. "भाऊसो, तुम्ही जरा धरा बटण," ते म्हणाले. "मी सांगतो तसं करा. दाब म्हटलं की दाबायचं, सोड म्हटलं की सोडायचं."

भाऊसो बटणापाशी सावधान होऊन बसले. स्पूल फिरू लागला, समोर कॅसेटही. "दाब!" नाथाजी ओरडले. भाऊसोंनी दाबलं, पण वयानं हात मागं पडला. हुकूम कानात शिरून बोटापर्यंत उतरायला डोळ्याची पापणी लवेल इतका उशीर. "सोड!" सोडलं, तेही सावकाश. "दाब! अहो, लवकर दाबा! सोड!"

आणि नाथाजी थांबले. चहा बशीतून धोतरावर गेला तरी ते तसेच उभे.

खोक्यात ढोल उभा राहिला होता.

टक नीट बाहेर आला होता, कारण भाऊसोंचा हात पोचायच्या आत तो निसटला होता. मग हात पडला, तो धम्मवर. आणि हात सावकाश उठत गेला तसं मागचं घुमणं वर वर येत गेलं, पुढच्या ठोक्याला जाऊन भिडलं. आपण दार घाईनं लावत होतो, नाथाजींच्या लक्षात आलं. पाहुण्याचं डोकं आत यायच्या आधीच. आधी त्याला येऊ द्यायचं, मग लावायचं.

"भाऊसो, असंच! असंच उशिरा दाबा!"

"उशिरा?" भाऊसो दुखावले. "मी टायमावर दाबतोय!"

"टायमावरच दाबा! दाब! सोड! दाब! सोड!"

बिराप्पा कधी उठला ते कुणाला कळलं नाही. तो गोदामाच्या मध्यावर आला होता, आणि त्याचे पाय धनगरांच्या गजी नाचाच्या चालीवर आपोआप पडत होते. चाल वाढत गेली तसा भाऊसोंना हुकूम पाळायला सवड उरेना. त्यांचा हात बटणावर मध्येच कुठंतरी थरथरत राहिला, आणि तेही बरोबरच होतं.

टेप पुरी झाली. लावून ऐकली. ढोल होता. कोंबड्या नव्हत्या. पण ढोलाच्या मागं, अगदी स्वच्छ, वरिष्ठ लिपिक मोकाशी यांचा आवाज होता: दाब! सोड! लवकर दाबा! अहो भाऊसो!

"पुन्हा करू," नाथाजी कावरेबावरे होऊन म्हणाले. "गप्प राहून." त्याच क्षणी वीज गेली, आणि लालासाहेबांनी सांगितलं की आज सोमवार, वीजकपातीचा वार, आता ती उद्याच येईल.

"ऱ्हाऊ द्या," बिराप्पा म्हणाला. "ढोलाबर मान्सं वरडत्यातच. नुसता ढोल कुनी ऐकलाय?"

मंगळवारी आणखी एक रजा लागली. अर्जावर कारण लिहायचं होतं. नाथाजी खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी 'ढोल पोचवणे' असं लिहिलं. साहेबांनी अर्ज वाचला, नाथाजींकडे पाहिलं. "परवा हळद झाली, आज वरात निघाली म्हणायची," ते म्हणाले आणि सही केली.

उंब्रजच्या थांब्यावर कृष्णात ट्रंकेवर बसला होता. कॅसेट हातात घेऊन तो म्हणाला, "ऐकल्याबगार न्हेत न्हाई साहेब. फौजेत बंद डबा घेत न्हाईत." नाथाजींनी यंत्र बरोबर आणलंच होतं. ते चहाच्या हॉटेलच्या बाकावर ठेवून त्यांनी बटण दाबलं. उसाच्या गाडीवरचा गाडीवान गाडी उभी करून आला. हॉटेलवाल्यानं किटली खाली ठेवली. कृष्णातनं टेप संपेपर्यंत ऐकली, कॅसेट काढून लोकरी पायमोज्यात गुंडाळली, आणि नाथाजींना कडक सलाम ठोकला. साताऱ्याची गाडी निघून गेली तरी नाथाजींचा हात कपाळाशीच होता.

उत्तर यायला दिवाळी उजाडली. सिदूनं कुणाबरोबर तरी एक कॅसेट धाडली होती. वाजवायला यंत्र नव्हतं म्हणून बिराप्पा आणि त्याची बायको हरणाबाई ती फडक्यात बांधून सांगलीला आले. भाऊसो आले, मनुबाई आल्या, राहीबाईंनी सगळ्यांना लाडू दिले.

टेप सुरू झाली. आधी वारा. मग ढोल, त्यांचाच. आणि ढोलावर पन्नास-साठ गळे एका सुरात: दाब! सोड! दाब! सोड! त्यात पंजाबी होते, गढवाली होते, आणखी कुठकुठले होते. शब्दांचा अर्थ एकालाही माहीत नव्हता. बूट जमिनीवर आपटत होते. मध्येच कुणीतरी तार सुरात 'ओहो भाऊशो!' म्हणून आरोळी दिली, आणि सगळ्यांनी ती उचलली. भाऊसो खुर्चीतून उठून सावधान उभे राहिले. नाथाजींनी लाडू तोंडाशी नेला होता तो तसाच राहिला. त्यांचा हुकूम आयुष्यात कुणी ऐकला नव्हता, घरात तर नाहीच. आणि आता हिमालयात सबंध कंपनी ऐकत होती.

गलका संपला. मग सिदूचा एकट्याचा आवाज आला. "बा, आये, मी सिदू. हितं बेस हाय. जेवान चांगलं हाय. काळजी करू नगासा."

आवाज बारीक होता, पत्र्यावर खरवडल्यासारखा. बिराप्पाचा चेहरा उतरला. हरणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"सायेब," बिराप्पा हळूच म्हणाला, "पोरगं लय वाळलंय. आवाजावरनंच कळतंय. जेवान चांगलं हाय म्हनतंय, पन न्हाई."

नाथाजींनी टेप मागं घेतली. यंत्राच्या कडेला आवाज जाड-बारीक करायचं एक लहानसं चाक होतं. ते त्यांनी अंगठ्यानं, सावकाश, जाडाकडे फिरवलं आणि पुन्हा बटण दाबलं.

"बा, आये, मी सिदू. हितं बेस हाय." आवाज खाली उतरला, रुंद झाला, छातीतून आल्यासारखा खोलीत बसला.

बिराप्पानं सुस्कारा सोडला. "हां. आता अंगानं भरलाय."

हरणाबाईंनी पदर काढला. यंत्राच्या अगदी जवळ सरकून त्यांनी कान दिला आणि मान हलवली.

"आनिक जरा फिरवा, सायेब," त्या म्हणाल्या. "घरात हुता तवा ह्याच्यापरीस धट्टाकट्टा हुता."

नाथाजींनी आणखी जरा फिरवलं.